पोरींनी चढवलेलं पाणी

माझं नाव भानुदास. जन्म गोदाकाठचा, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, आणि धंदा अर्जनवीसाचा, म्हणजे तहसील कचेरीच्या बाहेर लिंबाच्या सावलीत टेबल टाकून लोकांचं म्हणणं सरकारदरबारी बराबर पोचंल अशा भाषेत मांडून देणं. शिक्षण नववी. नववीला गणितानं अडवलं, हे सांगायला मला बिलकुल कमीपणा वाटत न्हाई, कारण पुढं ज्या म्हाताऱ्या अर्जनविसापाशी मी बसलो त्यानं मला जे शिकवलं ते कोणत्याच शाळेत शिकवत न्हाईत. भाषा अशी पाहिजे, तो म्हणायचा, की वाचणारा साहेब खुर्चीत सरळ बसला पाहिजे. आता शेजारी झेरॉक्सवाले आले, ऑनलाइनवाले आले, तरी माणूस माझ्याकडं येतो, कारण त्यांच्यापाशी छापील फॉर्म आहे आणि माझ्यापाशी शब्द आहे. गावात मला वकीलसाहेब म्हणतात. काही जण चेष्टेनं म्हणतात हे मला कळतं, पण हाक तीच असती.

हे अगोदर सांगायचं कारण असं, की आयुष्यभर शब्दावर पोट भरलेल्या माणसाला जे पाह्यलं ते सांगताना शब्द कमी पडून राह्यले, हे तुमच्या ध्यानात यावं.

मला एकच मुलगी, रोहिणी. गेल्या साली ती सातवीला होती, गावातल्याच शाळेत. शाळा दहावीपर्यंत आहे, इमारत चांगली आहे, मुलींसाठी फरशी बसवलेलं स्वच्छतागृह आहे, त्याच्यावर काळी टाकी पण आहे. परंतु वस्तुस्थिती अशी, की अंगणातल्या हौदातलं पाणी त्या टाकीत चढवणारी मोटार जळाली, पाणी बंद झालं आणि दाराला कुलूप लागलं. नवी मोटार मिळावी म्हणून अर्ज मीच लिहिला, त्यावरचं स्मरणपत्र पण मीच लिहिलं, आणि काय सांगू तुम्हाला, ते इतकं उत्तम उतरलं होतं की मुख्याध्यापक सरांनी परत परत वाचलं. मोटार मात्र आली न्हाई.

तोपर्यंत पोरी काय करायच्या? पाणीच प्यायच्या न्हाईत. सकाळी घरून निघताना न्हाई, शाळेत न्हाई, दुपारी खिचडी कोरड्या घशानं गिळायची अन् सांजच्याला घरी येऊन तांब्यावर तांब्या रिचवायचा. रोहिणीला त्याचं दुखणं जडलं, लघवीला जळजळ, अंगात ताप, दवाखाना झाला. बरी झाली अन् परत तेच. मंग तिची आई बोलली. तिचं नाव सुलोचना, फार बोलत न्हाई ती, पण बोलली की त्यावर अपील न्हाई. म्हणली, शाळेपायी मी पोरीला रोगी करून ठेवू का? सातवीची परीक्षा होऊ द्या, नाव काढून आणा, घरी राहील, शिवण शिकंल. मी तिला शासनाचा मुलींच्या शिक्षणाबद्दलचा निर्णय समजावून सांगितला. ती म्हणली, तुमचा निर्णय नेऊन त्या कुलपाला दाखवा, उघडतंय का बघा.

सबब, रोहिणीची शाळा परीक्षेपर्यंतच होती.

आता वैष्णवीचं सांगतो. ही आमच्याच गल्लीतली, ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाची पोरगी, घनसावंगीला अकरावी सायन्सला, मी कचेरीला ज्या भाड्याच्या जीपनं जातो तिलाच रोज यायची. सुट्टीत ती आणि तिची मैत्रीण आरती जालन्याला एका शिबिराला गेल्त्या. तिथं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलींनी यांना यंत्रं कशी असतात, कशी खोलायची, कशी बनवायची ते शिकवलं आणि निघताना एकच अट घातली, जे शिकलात ते तुमच्यापेक्षा लहान मुलींना द्यायचं. या दोघींनी ती अट खरी मानली. दर ऐतवारी शाळेच्या व्हरांड्यात पाचवी ते सातवीच्या पोरी गोळा करून बसायला लागल्या.

मी सहज बघायला गेल्तो. बघतो तर काय, खोललेला पंखा, कुलरचा पंप, सायकलची चेन, सगळ्या फरशीवर पसारा, अन् मधी आमची रोहिणी, नाकाला काळं लागलेलं. एक पाचवीतली पोर माझ्या मनगटाकडं टक लावून म्हणती, काका, तुमच्या घड्याळाच्या आत काय आहे? मी हात पाठीमागं घेतला. वैष्णवीचे हात मात्र अगोदरपासूनच पाठीमागं होते. मला वाटलं उगंच उभी आहे. पण न्हाई, तो त्यांचा कायदा होता. मोठ्या पोरींनी लहानींच्या कामाला हात लावायचा न्हाई, हात पाठीशी बांधायचे, फक्त इचारायचं. ती पाचवीतली पोर एक स्क्रू उलट्या बाजूनं फिरवू राह्यली होती, बराच वेळ, मला बघवंना. म्हणलं, वैष्णवी, सांग की तिला. ती म्हणली, काका, मी सांगितलं तर ते काम माझं होऊन जाईल, तिचं राहणार न्हाई.

मी या वाक्यावर जीपमधी लई विचार केला.

पुढं एका ऐतवारी वैष्णवीनं पोरींना इचारलं, आपण स्वतःचं काय बनवायचं? कोण म्हणलं गाडी, कोण म्हणलं उडणारं इमान. रोहिणी म्हणली, त्या दाराचं कुलूप उघडंल असं काहीतरी. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी दुसरं स्मरणपत्र लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी जीपमधी वैष्णवी म्हणली, लिहा काका, जरूर लिहा, पण मोटार येईस्तोर आम्ही पाणी चढवतो.

शेतातून उरलेले पाइपाचे तुकडे आणले, सायकलची फाटकी ट्यूब आणली, बाभळीचा दांडा आणला, अन् गल्लीतल्या पोरांकडून काचेच्या गोट्या. गोटीचं काय काम, मी इचारलं. रोहिणीनं मला पेल्यावर झाकण ठेवून समजावलं. दांडा वर ओढला की गोटी उचलती, हौदातलं पाणी पाइपात येतं. दांडा खाली दाबला की गोटी भोकावर घट्ट बसती, पाण्याला मागं जायला वाट राहत न्हाई, मंग ते वरच्या नळीनं टाकीत चढतं. मला तात्काळ समजलं. गोटी म्हणजे कचेरीच्या दारावरचा शिपाई, आत सोडतो, मागं फिरू देत न्हाई. रोहिणी हसली, पण म्हणली, बराबर आहे.

किती बिघडलं, किती खोललं, ते सांगत बसत न्हाई. एका ऐतवारी पंप तयार झाला आणि सोमवारी सगळ्यांदेखत चालवायचं ठरलं. सर म्हणले, टाकीत पाणी पडलं की त्याच मिनिटाला कुलूप काढतो. सुलोचना म्हणली, मी येते. पाणी चढलं तर ठीक, न्हाई चढलं तर मंग पोरीचं नाव काढायचं, मला परत कोणी शिकवायचं न्हाई. रोहिणी रात्री जेवली न्हाई.

आमच्याकडं नवीन यंत्र बिगरपूजेचं सुरू होत न्हाई, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोटार असो, ट्रॅक्टर असो, नारळ, हळद-कुंकू, अक्षता झाल्याच पाहिजेत. सुलोचना ताट घेऊन आल्ती, त्यावर मलमलीचं फडकं झाकलेलं. मनातून तिला पण वाटत असावं की चढावं, कारण पूजा तिनं हात राखून केली न्हाई. दांड्याला कुंकू लावलं, पंपावर अक्षता टाकल्या, हौदाची पण पूजा केली, तिथं पण टाकल्या, मूठभरून.

मंग रोहिणी आणि तिच्या मैत्रिणी दांड्याला लागल्या. पाणी वरच्या पारदर्शक नळीत दिसलं. अर्ध्यावर चढलं. लोकांनी माना वर केल्या. आणि ते खाली आलं. परत चढलं, परत खाली. पोरींनी जोर लावला, पाइपातून नुसता गुरगुर आवाज. शाळा समितीचे अध्यक्ष आमचे नामदेव आप्पा, त्यांची जीभ कधी शांत राहत न्हाई, म्हणले, वकीलसाहेब, पाण्याला एक अर्ज लिहा, कृपया वर चढावे म्हणून. माणसं हसली. मी पण हसायचा यत्न केला. सुलोचना हसली न्हाई, तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला, म्हणजे ती निघायच्या बेतात होती.

सर वैष्णवीला म्हणले, अगं, तू हात लाव, तुला येतं, दोन मिनिटाचं काम. आता मी नेमका तिच्या पाठीमागं उभा होतो. तिचे हात पाठीशी होते, एक मनगट दुसऱ्या हातानं इतकं आवळून धरलेलं की बोटं पांढरी झाल्ती. सोळा वर्षांची पोर, समोर अख्खं गाव, हासणारे आप्पा, हुकूम करणारे सर, अन् हात सोडला असता तर शाबासकी पण तिचीच. ती म्हणली, सर, मी पुढं जालन्याला शिकायला गेल्यावर हे बिघडलं तर?

मंग ती रोहिणीकडं बघून म्हणली, पाणी कुठून परत जातंय?

तिनं आवाज चढवला न्हाई. घाई केली न्हाई. रोहिणीचे डोळे भरलेले, तिनं ते मनगटानं पुसले, गुडघ्यावर बसली आणि पाइपाला कान लावला. मैत्रिणीला म्हणली, सावकाश दाब. ऐकलं. परत ऐकलं. मंग म्हणली, ताई, गोटी बसायचा टक असा आवाज येत न्हाई. वैष्णवी म्हणली, मंग? रोहिणी म्हणली, मंग तिच्याखाली काही तरी आहे.

खालचा तुकडा तिनंच खोलला. गोटी काढली. भोकाच्या कडेला तांदळाचा दाणा अडकलेला होता, कुंकवानं लाल झालेला.

सगळ्यांनी पाह्यला. पूजा कोणी केली ते सगळ्यांना माहीत होतं. सुलोचनेचं तोंड उतरलं. आरतीच्या तोंडून निघालं, हौदात कोणी अक्षता टाकतं का. आणि त्यावर आमची रोहिणी जे बोलली ते मी जशाच्या तसं सांगतो. ती म्हणली, लोक पूजा तर करणारच ताई, हौदातल्या नळीच्या तोंडाला जाळी आपण बांधायला पाहिजे होती.

काय सांगू तुम्हाला. मी कचेरीच्या दारात एवढी वर्षं बसलो, चूक कोणाची हेच लिहीत आलो. माझा सगळा धंदा गैरअर्जदार कोण यावर चालतो. या तेरा वर्षांच्या पोरीनं आईवर बोट ठेवलं न्हाई, देवावर न्हाई, गावावर न्हाई. लोक जसे आहेत तसे धरून चालंल असं यंत्र पाहिजे, एवढं तिला कळलं होतं, अन् ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जाळी कुठं मिळंना. तेव्हा सुलोचना पुढं झाली, ताटावरचं मलमलीचं फडकं तिनं झटकलं, एक दाणा राहिला न्हाई असं बघून पोरीच्या हातात दिलं. म्हणली, हे चालंल का?

चाललं. पोरींनी ते नळीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधलं, दांडा दाबला, अन् टक आवाज आला, तो मला पण ऐकू आला. पाणी अर्ध्यावर आलं, त्याच्या वर गेलं, दिसेनासं झालं. थोडा वेळ काहीच न्हाई. मंग त्या रिकाम्या टाकीत पाण्याची धार पडल्याचा आवाज झाला. आप्पांनी टोपी काढली, डोकं पुसलं अन् परत घातली. सर किल्ली घेऊन निघाले, त्यांच्या अगोदर पोरी दारापाशी पोचल्या होत्या.

वैष्णवी हौदाच्या कठड्यावर बसली अन् दोन्ही तळहात तोंडावर धरून रडली. कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. मी पाह्यलं.

नाव काढायचा विषय घरात परत निघाला न्हाई. रोहिणी आता आठवीला आहे, दुखणं गेलं. यथावकाश मोटार पण आली, तरी लाइट गेली की पोरी दांड्याला लागतात. वैष्णवी अकरावी करून जालन्याला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला गेली. परवा घरचा मिक्सर बंद पडला. मी म्हणलं, घनसावंगीला दुकानात देतो. सुलोचना म्हणली, थांबा जरा, आणि तिनं तो उचलून पोरीच्या पुढं ठेवला, तिच्याजवळ दिवा नीट धरून बसली.

माझं एवढंच म्हणणं, की देवानं या पोरींना उदंड आयुष्य द्यावं आणि त्यांच्या वाटेत बिघडलेल्या वस्तू कमी पडू नयेत. याखाली सही करायला मी तयार आहे.