खालची टरफलं

नाही हो भावजी, टरफलांना कशाला दोष? माझ्याच गिरणीतली आहेत, भुईमुगाच्या शेंगांची — उकळून, वाळवून दिलेली. बसा आधी. पाणी घ्या. घ्या हो, वहिनीच्या हातचं आहे. तर काय म्हणता, तुमच्या कारखान्यातलं रंगाचं पाणी टरफलांच्या पिंपातून गाळलं तरी लालभडकच येतंय? आणि तपासणीचे साहेब आत्ता येणार? अरे देवा! म्हणजे आज कुलूपच की हो! मी सांगितलं होतं ना, टरफल रंग धरून ठेवतं, पण त्याचं पोट भरलं की नाही धरत? मला कसं कळलं ते कधी विचारलंत? नाही विचारलंत. आमची विहीर लाल झाली — तुमच्या रंगानं — तेव्हा हे तक्रार घेऊन गेले, आणि तुम्ही सख्ख्या भावासमोर ह्याच साहेबांना सांगितलंत, विहिरीचं पाणी पहिल्यापासूनच तसं आहे. हसत हसत सांगितलंत! मी तिथंच उभी होते. मग हे लांबच्या नळावरून कॅन वाहायला लागले, आणि एक दिवस उतारावर कॅनसकट पडले ते उठलेच नाहीत. खांदा द्यायला आलात तेव्हाही तुमची बोटं लाल होती — बघितलं मी. आणि हे गेल्यावर, गेल्यावर हो, टरफलांचं एक पोतं विहिरीपाशी त्याच लाल पाण्यानं भिजलं आणि खालून नितळ पाणी ठिबकलं. धाय मोकलून रडले मी. थोडं आधी भिजलं असतं तर!

टरफल रंग धरतं म्हटल्यावर तुम्ही पोती मागितलीत आणि मी लगेच दिली. नाही कशी म्हणेन? घरचेच तुम्ही. वरवर छान कोरी टरफलं, आणि खाली — खाली माझ्या घरच्या पाणी गाळायच्या पिंपातली, विहिरीचा लाल रंग पिऊन तट्ट झालेली, पुन्हा वाळवून ह्या हातांनी भरली मी — बघा, बोलून गेले. गेले तर गेले! तुमचाच रंग तुम्हाला परत दिला, माझं काय त्यात?

उठलात? साहेबांना सांगता? सांगा ना, वहिनीनं फसवलं म्हणून. मग ते विचारतील, टरफलांत हा रंग आला कुठून? विहिरीतून. आणि विहिरीत? — सांगा की, पहिल्यापासूनच तसं आहे.

ती बघा गाडी आली. जा. आणि पाणी तसंच ठेवलंत? पिऊन जा. गाळलेलं आहे. तुमच्या भावाला ते घोटभरही मिळालं नाही.