उंच पोरांची टीम

फुटबॉल कसा शिकवू नये, हे मले विचारा. भिलाई मध्यप्रदेशात होती तेव्हाची गोष्ट. आमच्या सेक्टरचा कोच पोरं भिंतीले उभे करून उंची मोजे अन् उंच पोरांचीच टीम बनवे. खेळ पाहायची त्याले गरजच वाटत नव्हती.

खुर्सीपारचा विनोद आमच्यात सगळ्यात चांगला खेळे, पण होता ठेंगणा. त्याले टीममध्ये घेतलं नाही, म्हणून त्याचे बाबा मैदानावर आले. ते स्टील प्लांटात फिटर होते.

"सर, पोराले कावून नाही घेतलं?"

कोच म्हणाला, "हाइट नहीं है. बड़े लड़के इससे बॉल छीन लेंगे."

बाबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही तर मोठे आहा. तुम्हीच हिसकून दाखवा. नाही जमलं, तर पोराले घ्या."

आम्ही सगळे पाहून राहिलो होतो, म्हणून कोचले नाही म्हणता येईना. विनोदनं दोनदा त्याच्या पायांमधून बॉल काढला. तिसऱ्यांदा वळता वळता कोच धपकन मातीत बसला. बसल्या बसल्याच त्यानं शिट्टी वाजवली.

"फाउल," तो म्हणाला. "ऐसे लड़के टीम में नहीं चलते."