होणाऱ्या सुनेला मांडवी दाखवली

...तर गाडी पाण्यापर्यंत न्यायचीच कशाला, असं आता सगळं गाव मला विचारतंय! अहो, तुम्हाला सांगतो, माझ्या जागी असता ना, तर तुम्ही ती पाण्यातच घातली असती! एकुलता एक मुलगा, पार्थिव. त्याची सगाई झाली अमदावादच्या निरालीशी, आणि हा म्हणतो, "पप्पा, तिला मांडवीत नाही करमणार. लग्न झालं की आम्ही अमदावादलाच राहू." झालं! इथं मांडवी बंदरात माझ्या आजोबांपासूनचं दुकान, गलबतांना लागणारे खिळे-दोरखंड, त्या गल्ल्यावर उद्या कोण बसणार? मी आणि माझा रक्तदाब? म्हटलं, बेटा, तिला आण तर इकडे, मी गाडीतून मांडवी दाखवतो, मग बोल. आता यात माझं काय चुकलं?

निघालो. मी चालवतोय, शेजारी पार्थिव मोबाइलात डोकं घालून, मागे निराली आणि आमच्या रसीलाबेन, म्हणजे माझी बायको. नदीकाठी जहाजं बांधतात तिथं थांबलो, तर ही पोरगी ओढणी कमरेला खोचून सरळ शिडीवर! मी खालून ओरडतोय, "सांभाळून बेटा!" तर वरून विचारते, "पप्पा, एवढं जाड लाकूड वाकवतात कसं हो?" रसीला माझ्या कानात, "ही पडली ना, तर सगाई मोडलीच समजा."

मग बाजार. घातली गाडी गल्लीत... समोरून टेम्पो, मागे गाय! दोन्हीकडच्या ओट्यांवरून अख्खा बाजार मला गाडी शिकवतोय! "वसनजीभाई, डावीकडे कापा!" "अहो उजवीकडे, आरसा जाईल!" गेलाच आरसा. दाबेलीवाल्याचा हात थेट खिडकीतून आत, "नव्या वहू का? घ्या सूनबाई, अडकलाच आहात तर गरम खाऊन घ्या!" आणि अडकलो कुठं? नेमके जमनाफईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या दारात! दारापर्यंत येऊन चहा न घेता जाल? वर्षभर बोलणी खाल! फई निरालीला खालीवर बघत म्हणते कशी, "वसन, पोर एवढी बारीक? अमदावादला जेवायला घालत नाहीत?" मला दरदरून घाम. आणि निरालीनं काय करावं? चहा बशीत ओतला, फुर्रकन प्यायली, आणि म्हणाली, "फईबा, अजून अर्धा!" फई खूश! मीही खूश! पार्थिव तेवढा गाडीत चार्जर शोधत होता.

तिथून राजवाडा, तिथून समुद्र. मला चढला जोर! म्हटलं भरती यायच्या आत पाण्याच्या कडेनं एक चक्कर मारू, पोरगी हा देखावा जन्मात विसरणार नाही. रसीला म्हणाली, "राहू द्या." मी ऐकतोय होय! ...आणि बसली गाडी. चाकं वाळूत गडप. रेस करतोय तसतशी खाली, आणि पाणी पुढं पुढं! पर्यटकांना फिरवणारा जुसब उंट घेऊन आला, म्हणतो, "शेठ, गलबतं समुद्रात सोडतात माहीत होतं. आता गाड्यापण?" अहो, देखावा दाखवायचा तर पाण्याजवळ जायला नको? आता यात माझं काय चुकलं?

बांधला दोर, लागला उंट. निराली गुडघाभर पाण्यात मागून ढकलतेय, खदखदून हसतेय, आणि म्हणाली, तुम्हाला सांगतो, या कानांनी ऐकलं मी, "पप्पा, मी तर इथंच राहणार!" मला वाटलं, बुडू दे गाडी! जिंकलो! वळून पार्थिवकडं बघितलं, तर त्याचा चेहरा पडलेला. मग हळूच म्हणाला, "पप्पा... तिचं नाव मी उगाच घेत होतो. राहायचं मला नाहीये. त्या गल्ल्यावर बसलेला मी... मला बघवतच नाही."

उंट ओढत होता, त्याच्याकडं बघत राहिलो.

गाडी निघाली. येताना पार्थिव मागं झोपला, की डोळे मिटून बसला, कोण जाणे. निराली पुढं आली. ती तरी काय करणार, तो जाईल तिथं जाणार. पण विचारायला लागली, "पप्पा, दोरखंड येतो कुठून? जहाजाचा खिळा वेगळा का असतो?" मग मीही सांगत सुटलो... काथ्या कसा ओळखायचा, खाऱ्या पाण्यात काय टिकतं, कुठला नाखवा घासाघीस करतो, सगळं! अख्खं दुकान समजावलं तिला. काय मन लावून ऐकत होती हो पोरगी! आता अमदावादला जाऊन ती याचं करणार काय, ते मला विचारू नका.