उशांचे डोहाळे

हॅलो?… कोण, तू होय! बरं झालं केलास फोन, भिंतींशी बोलायची वेळ आली होती माझ्यावर… मी? मजेत! भांडी पडलीत, कपडे पडलेत, तुझा भाऊ गेलाय कामावर, आणि तुझी वहिनी बसलीय खुर्चीत महाराणीसारखी…

हो, हो… अगं ऐक ना! सातवा काय लागला, हिला दम लागतो म्हणे. मोरीपर्यंत गेली की दम, केस विंचरले की दम. आम्ही काय पोरं बाजारातून आणली? तुझ्या वेळी कळा आल्या तेव्हा ओली चादर पिळत होते मी…

कसली झडप? हां, ते. लहानपणच्या तापानं काळजाची झडप बिघडली म्हणे. दाराला झडप ऐकली होती बाई!… पुरे. नर्स झालीस म्हणून आईला शिकवू नकोस.

उशा? चार! माझीसुद्धा पळवली. कुणाला आंबटाचे डोहाळे लागतात, हिला उशांचे!… आणि कालपासून तर आडवीच होत नाही. आडवं झालं की खोकला येतो म्हणते. नाटकी मेली… बरं बाई, नाही म्हणत मेली. ओरडतेस काय?

पाय सुजलेत. सगळ्यांचेच सुजतात… पोट? पोट कुठंय! पाचव्याचं वाटतं. खाईल तर बाळ वाढेल ना…

गोळ्या घेते की. ती एक सोडून… अगं ती, पाण्याची! मीच काढून ठेवली, आठवडा झाला. सारखं लघवीला पळवते, अंगातलं पाणी काढते. मग बाळाभोवतीचं पाणी नाही सुकणार? एवढंही कळत नाही तुमच्या डॉक्टरणीला!

…हॅलो? रडतेयस का तू?

कुठं साचतं पाणी?… फुप्फुसात?… बघते, बघते. फोन घेऊनच जाते… सूनबाई?… अगं, घामानं भिजलीय गं ही. ओठ?… निळे. निळे दिसतायत…

नाही, आडवी नाही करत. बसवूनच ठेवते. अॅम्ब्युलन्स, हो… सांगते ना डॉक्टरणीला. गोळी मी लपवली, मी. हिचं नाव नाही घेणार…

काय गं पोरी?… ऐकलंस? म्हणते, "आई, रागावू नका… उठतेच मी."

बस! बस गं माझे आई. रेल माझ्या अंगावर… ठेव तू, मला गाडी बोलवायचीय.