बरणीला कुंकू

भिया, मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मावशीला जुन्या इंदुरातून आमच्या कॉलेजचं प्रदर्शन दाखवायला नेलं होतं. बरणीतला ऑक्टोपस दाखवत मी म्हटलं, "आठ हात, तीन हृदयं, निळं रक्त, हाड एकही नाही. मादी उपाशी राहून अंडी राखते आणि पिल्लं निघाली की मरते."

"तीन काळजं," मावशी म्हणाली, "तिन्ही पोरांपायीच गेली बिचारीची." कुंकवाची डबी काढून तिनं काचेवर बोट टेकवलं. "लेकुरवाळीचं कपाळ मोकळं कसं ठेवू?"

मागे आमचे कडक प्रोफेसर उभे होते. बरणीला हात लावणाऱ्याला ते सरळ वर्गाबाहेर काढत. कुंकवाकडे पाहून ते चपराशाला म्हणाले, "सुनो, काँच पोंछते वक़्त उतनी जगह छोड़ देना."