हमामातली तिसरी बाहुली

मुंजिया : मग यादीतून बाहुल्यांचा खेळच का खोडलास? अगं, त्याच्यासाठी तर ऑक्टोबरचा हा आठवडा धरला आपण!

दलंदा : महोत्सवात बाकी सगळं आहे ना, ताई. शुक्रवारी अंगात आणणारे ते स्तंबेलीचे ढोल, शनिवारी त्या जुन्या घरात अंधारात बसून गोष्टी ऐकायच्या. ट्युनिस काय पळून जातंय?

मुंजिया : अंधारात बसायला ट्युनिसपर्यंत कशाला? आपल्या गल्लीत वीज जातेच की. मला त्या पडक्या हमामातल्या बाहुल्याच बघायच्यात. शाळेतून रजा काढलीये मी.

दलंदा : समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेले कपडे घालतात त्यांना.

मुंजिया : माहीत आहे. सगळं गाव त्याचंच बोलतंय.

दलंदा : मग हा फोटो बघ. तिसरी बाहुली.

मुंजिया : ...निळा स्वेटर. असे हजार असतील.

दलंदा : कोपर बघ.

मुंजिया : हळू बोल. उम्मी आत मिरच्या वाटतेय.

दलंदा : हिरवं ठिगळ. आपल्या दिवाणाच्या अभ्र्याचं. आपला खमैस इटलीच्या बोटीत चढला तेव्हा हाच होता त्याच्या अंगात.

मुंजिया : सहा वर्षांत खाऱ्या पाण्यात काय उरतं गं? दुसऱ्या कुणाच्या भावाचा असेल.

दलंदा : आणि भुवईवरची चीर? लहानपणी हौदावरून पडला होता, तिथेच.

मुंजिया : लाकूड आहे ते. चिरणारच.

दलंदा : मी फोन केला त्या बाहुलीवाल्याला. म्हणाला, चेहरा मी साधाच कोरला होता. स्वेटर चढवला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तडा. मग मलाच विचारतो, तुमचा माणूस डावखुरा होता का?

मुंजिया : तूच बोलून गेली असशील.

दलंदा : शप्पथ नाही! उजव्या हाताची दोरी ओढली तरी आधी डावाच वर येतो म्हणे. दोऱ्या बदलून बघितल्या त्यानं. आता एकटा असला की त्या बाहुलीला हात लावत नाही.

मुंजिया : बास. काटा आला बघ अंगावर. नकोच तो खेळ. आणि उम्मीपाशी एक अक्षर काढू नकोस. तिच्या लेखी तो इटलीत आहे, संत्री तोडतोय.

(उम्मी, दोघींची आई, दारात उभी. हात मिरच्यांनी लाल.)

उम्मी : संत्री तोडणारा पोरगा सहा वर्षं आईला फोन करायचं विसरतो होय?

मुंजिया : उम्मी! कधीची उभी आहेस?

उम्मी : फोटो दाखव. ...ठिगळ माझंच. टाके बघ केवढाले पडलेत. उशीर होतोय, उशीर होतोय, असं डोक्याशी उभं राहून चाललं होतं त्याचं.

दलंदा : म्हणजे तो निघालाय हे तुला माहीत होतं?

उम्मी : भर उन्हाळ्यात स्वेटर शिवून मागितला त्यानं. आईला कळत नाही का?

मुंजिया : मग ती संत्री...

उम्मी : तुम्ही माझ्यासाठी बोलत होतात, मी तुमच्यासाठी. चाललं होतं आपलं. तीन तिकिटं काढ.

दलंदा : बघवेल तुला?

उम्मी : बघायला कोण जातंय? आणायला जायचं. फातिहा म्हणायला समोर काहीतरी नको का? मातीत ठेवायला?

दलंदा : पण तो देईल का स्वेटर?

उम्मी : भ्यालाय म्हणतेस ना? देईल. फोन लाव त्याला. विचार, छातीला किती लागतो, हाताला किती. दुसरा विणून नेते. चारचौघांत उघडा कसा करायचा पोराला?