आत्याचा पाय

कानाच्या दवाखान्यात शिंपीकाकांनी पेपर तोंडापुढे धरला, पण कान शेजारच्या बापलेकीकडे.

"मशीनबिशीन नको. चाळीस वर्षं जॅझचा बँड चालवला, बास झालं. उद्यापासून कीबोर्डवर तू बस."

"हळू बाबा, अख्खा दवाखाना ऐकतोय."

"फक्त आत्याची पट्टी गुपचूप खाली घेत जा. आवाज चढत नाही तिचा. तिला सांगायचं नाही."

"आणि आत्या गाताना पाय आपटते, ते?"

"म्हातारपणाची खोड!"

"तुम्हाला ड्रम ऐकू येईना, तेव्हापासूनची. स्टेजच्या फळ्यांतून ताल कळावा म्हणून."

"कधी बोलली नाही कार्टी!"

"तुम्ही बोललात?"

नर्सने दोनदा नंबर पुकारला. बाबा ढिम्म. शिंपीकाकांनी धाडकन पाय आपटला.

"आलो, आलो! आणि काय गं, उद्या कीबोर्डवर मीच बसणार."